पाककृतींचे पुस्तक घेऊन गावोगावी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पाककृतींचे पुस्तक छापून झाल्यावर लेखकाने ते स्वतः वाचकांपर्यंत घेऊन जावे का, आणि न्यायचे तर कसे, याविषयी मराठवाड्यातून आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रे पाठवणाऱ्यांत लेखिका आहेत, वाचनालयांचे कार्यकर्ते आहेत, एक विक्रेते आहेत आणि रोज चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या वाचकही आहेत. त्यांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मराठवाड्यातील घरगुती पदार्थांचे माझे पुस्तक नुकतेच निघाले. प्रकाशक पुण्याचे आहेत. पुण्यात एक आणि छत्रपती संभाजीनगरला एक असे दोन कार्यक्रम पुरेत, असे त्यांचे म्हणणे आहे. मला मात्र तालुक्याच्या गावांना जाण्याची इच्छा आहे. कधी आणि कुठे जावे? (लेखिका, लातूर)

आपण तालुक्यांना जावेच. ज्या स्वयंपाकघरांतून हे पदार्थ आले तिथे पुस्तक उघडून दाखवल्याखेरीज ते पुरते झाले असे मला वाटत नाही. पुण्यातील कार्यक्रमात आपले कौतुक होईल, पण औशाच्या किंवा सेलूच्या कार्यक्रमात कोणीतरी उठून आपल्याला सांगेल की अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या आधी शिजवून घ्यायच्या असतात, आणि ते कौतुकापेक्षा कितीतरी मोलाचे ठरेल.

दौऱ्याचा काळ निवडताना साहित्यवर्तुळाचे कॅलेंडर बाजूला ठेवून शेतीचे आणि सणांचे कॅलेंडर पुढे घ्यावे. मृग लागल्यापासून पेरणीची धांदल असते, भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या तयारीत बायकांना मान वर करायला सवड नसते, दसऱ्याच्या मागेपुढे सोयाबीनची काढणी असते आणि उन्हाळ्यातल्या लग्नसराईत तर सभागृहेच मिळत नाहीत. राहता राहिला दिवाळीनंतरचा काळ, म्हणजे तुळशीच्या लग्नापासून रथसप्तमीपर्यंत. हाताशी थोडे पैसे असतात, हवा बरी असते, शेतांत हुरडा येतो आणि संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवांना बायका एरवीही एकत्र जमतात. हळदीकुंकवाच्या वाणात पुस्तक देण्याची पद्धत काही घरांनी आणि मंडळांनी सुरू केली आहे. ती आपण आवर्जून सुचवावी. फक्त एक पथ्य पाळावे. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत वेळ अमावस्येच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या, दिवशी काहीही ठेवू नये, कारण त्या दिवशी गाव शेतात असते. त्याआधीच्या आठवड्यात मात्र भज्जी, उंडे आणि आंबील या त्या सणाच्या पदार्थांवर बोलण्याचा कार्यक्रम ठेवला, तर माणसे आपण होऊन येतील, कारण तोच विषय तेव्हा घरोघरी चाललेला असतो.

वेळेचे म्हणाल, तर संध्याकाळी सहाचा मुहूर्त पाककृतींच्या पुस्तकाला सोयीचा नाही. जिने ऐकायला यावे अशी आपली इच्छा आहे, तिची तीच स्वयंपाकाची वेळ असते. दुपारी दोन ते साडेचार ही वेळ ठरवावी आणि ती काटेकोर पाळावी, म्हणजे बाहेरगावहून आलेल्यांना परतीची एसटी मिळते. प्रमुख पाहुणे उशिरा आले म्हणून श्रोत्यांना तासभर ताटकळत ठेवण्याची आपल्याकडची रीत या कार्यक्रमांना मारक आहे. शक्य असेल तर प्रमुख पाहुणा नसलेलाच बरा.

ठिकाणांसाठी पहिला दरवाजा सार्वजनिक वाचनालयाचा. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमानुसार अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता मिळालेली वाचनालये आपल्याकडे गावोगावी आहेत आणि त्यांना वर्षभर कार्यक्रम हवेच असतात. वाचन प्रेरणा दिन (१५ ऑक्टोबर) आणि मराठी भाषा गौरव दिन (२७ फेब्रुवारी) या दिवसांसाठी त्यांच्या कार्यवाहांना दोन महिने आधी पत्र टाकावे. दुसरा दरवाजा कृषी विज्ञान केंद्रांचा आणि बचत गटांचा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय अन्न आणि पोषण शिकवते. तिथल्या विद्यार्थिनींपुढे ज्वारीच्या पदार्थांविषयी बोलणे हा दोन्ही बाजूंना लाभाचा कार्यक्रम होईल. त्या विद्यापीठाने २०१८ मध्ये लोह आणि जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण प्रसारित केले आहे. भाकरीवर प्रकरण लिहिणाऱ्या लेखिकेला तिथे विचारण्यासारखेही पुष्कळ सापडेल.

मार्ग आखताना जिल्ह्याची ठिकाणे मोजू नयेत, रस्ता पाहावा. लातूर, उदगीर, अहमदपूर, नांदेड हा एक टप्पा होतो. परभणी, सेलू, जालना, छत्रपती संभाजीनगर ही सगळी एकाच रेल्वेमार्गावर आहेत, म्हणून पुस्तकांचे गठ्ठे बरोबर असतानाही तो टप्पा सोपा जातो. अंबाजोगाई, केज, कळंब, धाराशिव, तुळजापूर हा तिसरा. एका दमात तिन्ही करू नयेत. टप्प्यांमध्ये आठवड्याभराचे अंतर ठेवावे, म्हणजे ऐकलेले टिपून ठेवायला सवड मिळते.

प्रश्न : आमच्या ब वर्ग वाचनालयात पाककृतींच्या पुस्तकाच्या लेखिकेचा कार्यक्रम ठेवावा असे काही सभासदांनी सुचवले. संचालक मंडळातील ज्येष्ठांचे म्हणणे असे की स्वयंपाकाची पुस्तके म्हणजे साहित्य नव्हे. शिवाय मानधनाचा प्रश्न आहेच. (ग्रंथालय कार्यकर्ता, परभणी जिल्हा)

ज्येष्ठांचा मान राखून त्यांना एवढेच सांगावे की आपल्या भाषेतील आद्य गद्यग्रंथ मानल्या जाणाऱ्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीबरोबर जेवणाखाण्याचे उल्लेख जागोजागी येतात, आणि त्या काळचे लोकजीवन समजून घेताना अभ्यासकांना त्यांचा आधार वाटतो. सतराव्या शतकात तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने रघुनाथ नवहस्तांनी ‘भोजनकुतूहल’ हा आहारावरचा ग्रंथ लिहिला, तो संस्कृतात. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये आले आणि एरवी पुस्तके विकत न घेणाऱ्या घरांतही जाऊन बसले. मराठी माणूस काय खात होता, दुष्काळात काय खात होता आणि सणाला काय करत होता, हे ज्या पुस्तकांत नोंदले जाते त्यांना वाचनालयाच्या व्यासपीठावर जागा नाही असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

मानधनाविषयी आधी मोकळेपणाने बोलून घ्यावे. जाण्यायेण्याचे भाडे देणे हे यजमानाचे किमान कर्तव्य आहे. त्यापलीकडे देण्याची ऐपत नसेल तर तसे पत्रात स्पष्ट लिहावे आणि वाचनालयासाठी पुस्तकाच्या काही प्रती विकत घ्याव्यात. लेखिकेकडून प्रती भेट म्हणून मागू नयेत. शाल आणि श्रीफळ यांवर होणारा खर्च त्या प्रतींकडे वळवला तर कोणाचाही अवमान होत नाही.

प्रश्न : कार्यक्रमात पदार्थ करून दाखवावा का? लोक चव मागतात. (तरुण लेखक, जालना)

एकच पदार्थ करावा, आणि तोही असा की ज्यातील कळीची गोष्ट पुस्तकात लिहून पुरती समजत नाही. येसरचे उदाहरण घेऊ. गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, सुके खोबरे, मिरची आणि खडा मसाला भाजून दळलेले हे पीठ अनेक घरांत असते, पण ‘खमंग भाजावे’ या दोन शब्दांत नेमके काय करायचे ते नवख्याला कळत नाही. म्हणून तीन वाट्या बरोबर न्याव्यात. एकीत कच्चे धान्य असावे, दुसरीत नुसते गरम झालेले आणि तिसरीत नीट भाजलेले. त्या श्रोत्यांमधून फिरवाव्यात. हातात घेऊन चोळले की तिसऱ्या वाटीतला दाणा कुरकुरीत फुटतो, दुसऱ्या वाटीतला चिवट राहतो, आणि वास तर झाकण उघडताच वेगळा येतो. त्यानंतर येसर आधी गार पाण्यात कालवून मगच उकळत्या फोडणीत सोडायचे, नाहीतर गुठळ्या होतात, हे डोळ्यांपुढे दाखवावे. आमटी छोट्या द्रोणांतून प्यायला द्यावी. एवढ्या चवीने माणसे तृप्त होतात आणि प्रश्नही नेमके विचारतात.

पुस्तकांच्या कपाटांजवळ गॅसची शेगडी पेटवू नये, हे वेगळे सांगायला नको. अंगण असेल तर तिथे चूल किंवा शेगडी मांडावी. सभागृहात इंडक्शन वापरायची असेल तर वायरिंग तेवढा भार पेलते का ते आधी विचारावे, आणि वीज गेलीच तर अडू नये म्हणून आमटी घरून करून आणलेली असावी. टिकाऊ पदार्थ हवा असेल तर धपाटे आणि कारळाची चटणी यांना तोड नाही. सुती कपड्यात गुंडाळून डब्यात ठेवलेले धपाटे दिवसभर मऊ राहतात. शेंगदाणे किंवा तीळ असतील तर वाढण्यापूर्वी तसे मोठ्याने सांगावे. एकादशी आणि चतुर्थी टाळावी. जालन्याच्या बाजारपेठेत जैन कुटुंबेही येतील, तेव्हा कांदा-लसूण नसलेला एखादा प्रकार ठेवावा.

आपल्या जिल्ह्यातील दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तसेच लातूरच्या बोरसुरी तूरडाळीला. या धान्याची ओंजळभर पुडी मेजावर ठेवली तर त्यातून गप्पा आपोआप सुरू होतात. मात्र मसाले पुस्तकाबरोबर विकायचे असतील, तर अन्नसुरक्षा नोंदणी आणि पाकिटावरील नियमानुसारचा मजकूर या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय विक्री करू नये.

प्रश्न : आमच्या गावच्या कार्यक्रमात एक वयस्क बाई उठून म्हणाल्या, “ही तर आमच्या घरची रीत आहे, तुम्ही आमचं नाव कुठं लिहिलं?” लेखिकाबाई गोंधळल्या आणि विषय बदलला. त्यांनी काय म्हणायला हवे होते? (प्राध्यापिका, अंबाजोगाई)

आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण पाककृतींच्या पुस्तकांविषयीचा सर्वांत अवघड प्रश्न त्या बाईंनी एका वाक्यात विचारला आहे.

कायद्याचे उत्तर सोपे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाच्या शब्दरचनेला आणि छायाचित्रांना संरक्षण मिळते. अमुक वाटी पीठ, तमुक चमचे तिखट ही यादी आणि पदार्थ करण्याची रीत कोणा एकाच्या मालकीची होत नाही. म्हणजे लेखिकेने कायदा मोडलेला नाही. परंतु त्या बाई कायद्याविषयी विचारत नव्हत्या. आयुष्यभर ज्यांच्या हाताला कोणी नाव दिले नाही, त्यांना आपल्याच आंगणातली वस्तू दुसऱ्याच्या सहीने विकली जाताना दिसली, आणि त्यांनी तसे बोलून दाखवले. त्यांचे म्हणणे खरे आहे असे मी मानतो.

लेखिकेने तिथल्या तिथे त्यांना पुढे बोलावायला हवे होते. “काकू, तुमच्या घरी कसं करतात ते सगळ्यांना सांगा,” असे म्हणून ध्वनिक्षेपक त्यांच्या हाती द्यायला हवा होता आणि स्वतः वही काढून लिहून घ्यायला हवे होते. त्यात मान जात नाही, उलट त्या दिवशीचा कार्यक्रम त्या गावाचा होतो. दौऱ्यावर निघणाऱ्या प्रत्येक लेखकाने अशी वही बरोबर ठेवावी. पानाच्या वरच्या बाजूला गाव आणि सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहावे, खाली तिच्या शब्दांत रीत लिहावी, आणि हे छापले तर चालेल का, नावासह चालेल का, हे विचारून तिच्यासमोरच नोंदवावे. दुसऱ्या आवृत्तीत या नोंदी जाव्यात आणि ज्यांच्या त्या आहेत त्यांना एकेक प्रत पोचावी.

खरे तर हे काम पुस्तक लिहितानाच व्हायला हवे. ज्यांच्याकडून पदार्थ मिळाला त्यांचे नाव आणि गाव पाककृतीखाली एका ओळीत देता येते. त्यासाठी कागद जास्त लागत नाही. मग दौऱ्यात त्या गावी पोचल्यावर त्या व्यक्तीला आदराने निमंत्रण द्यावे, पहिल्या रांगेत बसवावे आणि त्या पानावर लेखिकेबरोबर तिचीही सही घ्यावी. लिहिता येत नसेल तर नातीने नाव लिहावे आणि आजीने फूल काढावे. वाचक अशी प्रत जपून ठेवतात.

आणखी एक गोष्ट याच ओघात सांगायला हवी. ‘मराठवाड्याची खाद्यपरंपरा’ असे मुखपृष्ठावर छापले, तर ती मोजक्या वाड्यांतली असून चालत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. छत्रपती संभाजीनगरचा नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, त्या शहराच्या इतिहासाइतकाच आपला आहे. तांड्यावरच्या घरांत, दलित वस्तीतल्या घरांत, ऊसतोडीला जाणाऱ्या बिऱ्हाडांत जे शिजते, त्यात टंचाईतून निघालेले असे शहाणपण आहे की ते कोणत्याही राजवाड्याच्या मुदपाकखान्यात सापडणार नाही. घोळ, तांदुळजा, पाथरी या रानभाज्यांची ओळख सर्वांत चांगली कोणाला असते, हे शेतात मजुरी करणाऱ्या बायकांना विचारल्यावर कळते. म्हणून दौऱ्यात एक तरी कार्यक्रम सभागृहाबाहेर, वस्तीवर किंवा तांड्यावर व्हावा. तिथे विक्री होईल अशी अपेक्षा धरू नये. ऐकण्यासाठी जावे.

प्रश्न : सही करताना काय लिहावे? कोणते पेन वापरावे? गेल्या वेळी माझ्या सह्या फिसकटल्या. (लेखिका, नांदेड)

आपले पुस्तक गुळगुळीत कागदावर छापलेले असणार. त्या कागदात जेल पेनची शाई मुरत नाही आणि पान मिटताच समोरच्या पानावर उमटते. साध्या कागदाचे शीर्षकपान असेल तर तिथे बॉलपेनने सही करावी. सगळेच पुस्तक चकचकीत कागदाचे असेल तर बारीक टोकाचा, न पुसला जाणारा मार्कर घ्यावा आणि पान क्षणभर उघडे ठेवून मग मिटावे. पुढच्या आवृत्तीत पहिले पान साध्या कागदाचे ठेवण्यास प्रकाशकांना सांगावे.

रांगेतल्या प्रत्येकाला आधीच एक चिठ्ठी देऊन नाव लिहून घ्यावे. गर्दीत आडनाव ऐकण्यात गफलत होते आणि चुकीच्या नावाची प्रत कोणालाच उपयोगी पडत नाही. नाव, गाव, तिथी किंवा तारीख आणि सही एवढे पुरे. वेळ असेल तर समोरच्या बाईंना त्यांच्या हातचा कोणता पदार्थ घरात आवडतो ते विचारावे आणि त्या पदार्थाच्या पानावर एक ओळ लिहून द्यावी. हे मला अतिशय आवडते, कारण पुढे पुस्तक उघडेल ते त्याच पानावर. नमस्काराला आलेल्या लहान मुलींची नावेही विचारावीत. सही करताना कोणाशी मान वर न करता बोलू नये.

प्रश्न : माझ्याकडे एका लेखिकेच्या पुस्तकाची जुनी प्रत आहे. तिला हळदीचे आणि तेलाचे डाग पडले आहेत. अशी प्रत सहीसाठी पुढे करणे बरे दिसेल का? की नवी घ्यावी? (गृहिणी, बीड)

ताई, जुनीच न्या. ज्या लेखिकेने मनापासून पुस्तक लिहिले तिला त्या डागांहून मोठी पावती मिळणार नाही. कोणत्या पानावर डाग जास्त आहेत हेही तिला दाखवा. नवी प्रत घ्यायची असेल तर लेकीसाठी किंवा सुनेसाठी घ्या.

प्रश्न : लेखक कार्यक्रमात स्वतः सवलतीत पुस्तके विकतात, त्यामुळे गावातल्या दुकानदाराकडे कोणी येत नाही. यावर काही संकेत असावेत का? कार्यक्रमानंतर येणाऱ्या मागणीचे काय करावे? (पुस्तक विक्रेते, छत्रपती संभाजीनगर)

संकेत असावेतच. कार्यक्रमाच्या गावात पुस्तकांचे दुकान असेल, तर विक्रीचे मेज त्या दुकानाचे असावे, लेखकाचे नसावे. लेखकाने बोलावे आणि सह्या कराव्यात. पैसे मोजत बसले की त्याचे लक्ष वाचकांवरून उडते. सवलत द्यायचीच असेल तर ती प्रकाशक, विक्रेता आणि लेखक यांनी मिळून एक ठरवावी आणि दौऱ्यातील प्रत्येक गावी तीच ठेवावी. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही, म्हणून हिशेब सोपा असतो. न विकलेल्या प्रती परत घेण्याची बोली मात्र लेखी करावी. जिथे दुकान नाही तिथे वाचनालयाने मेज सांभाळावे आणि विक्रेत्याला मिळाला असता तो हिस्सा वाचनालयाने घ्यावा.

धाराशिवला २०२० मध्ये आणि उदगीरला २०२२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने झाली. तिथल्या ग्रंथप्रदर्शनांसारखी संधी रोज येत नाही, पण जिल्ह्याजिल्ह्यांतील ग्रंथोत्सव दरवर्षी होतात. लेखक, प्रकाशक आणि विक्रेता यांनी मिळून तिथे एक गाळा घ्यावा. पाककृतींच्या पुस्तकाला फिरता ग्राहक मिळतो तो अशाच ठिकाणी.

कार्यक्रमानंतरच्या मागणीसाठी आपल्या दुकानाचा क्रमांक पुस्तकात ठेवलेल्या खूणपट्टीवर छापून घ्यावा. टपालाने पाठवायचे असल्यास टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली आहे. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असे होते आणि पार्सल कुठवर पोचले तेही पाहता येते. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक स्वरूपाच्या छापील पुस्तकांसाठी आहे आणि पुस्तकावर प्रकाशकाचे किंवा मुद्रकाचे नाव असावे लागते. म्हणून आपले पुस्तक त्यात बसते का, हे पहिली प्रत घेऊन जाऊन टपाल कार्यालयात विचारून घ्यावे, आणि सही केलेली प्रत पाठवताना ती आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मगच पुठ्ठ्यात बांधावी.